ओटिंगची फाईल बंद झाली, आता जाब विचारायचा कुणाला?

काळीमाती (खानापूर)

नागालँडच्या ओटिंगचं प्रकरण किती जणांना आठवतंय? ४ डिसेंबर २०२१, मोन जिल्हा, शनिवार. तिरूच्या कोळसा खाणीतनं पोरं काम उरकून पिकअपमधनं घरी यायला लागलेली आणि २१ पॅरा स्पेशल फोर्सेसची तुकडी दबा धरून बसलेली, त्यांनी गाडीवर गोळ्या घातल्या. सहा जण जागच्या जागी गेले. पोरं आली नाहीत म्हणून गावकरी शोधायला बाहेर पडले तर त्यांना मयतं लष्कराच्या ताब्यातल्या गाडीत ताडपत्रीखाली सापडली. मग भडका उडाला, एक जवान मेला, अजून सात गावकरी गोळीनं गेले, दुसऱ्या दिवशी मोन गावात आणखी एक. एकूण १४ सिव्हिलियन. गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की गाडीला थांबायचा इशारा केला होता, गाडी पळायला लागली म्हणून संशय आला. वाचलेल्या पोराचं म्हणणं की इशारा बिशारा काही नाही, सरळ गोळ्याच आल्या.

नागालँड पोलिसांच्या एसआयटीनं (विशेष तपास पथकानं) तपास केला आणि २०२२ ला ३० जणांवर चार्जशीट टाकली, त्यात एक मेजर. म्हणजे तपास झाला नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पण आफ्स्पाच्या (अशांत भागात सैन्याला खास अधिकार देणारा कायदा) कलम ६ प्रमाणे खटला चालवायला केंद्राची परवानगी लागते आणि केंद्रानं २०२३ ला नाही म्हणून कळवलं. १७ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं प्रकरण बंद केलं, परवानगी मिळाली तर पुढं चालवा म्हणाले आणि आर्मीला वाटलं तर त्यांनी त्यांची खात्याची कारवाई करावी म्हणाले. त्या खंडपीठावर आपल्या निपाणीत जन्मलेले न्यायमूर्ती प्रसन्न वराळे होते. हे काही त्यांच्यावर बोट ठेवायला सांगत नाही, कायदा जसा आहे तसाच त्यांनी वाचला. पण कायदाच असा आहे की ज्या सरकारच्या माणसांवर आरोप आहे त्याच सरकारला विचारायचं, तुमच्या माणसांवर केस चालवू का.

आपल्या भागात घरटी नसला तरी गल्लीत एक तरी फौजी आहेच, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर इथंच बेळगावात आहे, म्हणून हा धागा मुद्दाम इथं काढालोय. दिल्लीतल्या लोकांची मतं टीव्हीवर ऐकून झाली. जिथं आतल्या आत युद्ध चाललंय तिथं सरकारी माणसानं निरपराध माणूस मारला तर सरकारला जाब विचारायचा रस्ता नेमका कुठला?

कंग्राळीचा_वाघ

आला परत आर्मीला शिव्या घालायचा धागा. अतिरेकी जवानांना मारतात तेव्हा हे मानवाधिकारवाले कुठल्या बिळात असतात की. बर्फात उभं राहून बघा म्हणावं एक रात्र, मग कायदा शिकवा.

शहापूरची_अक्का

वाघा, आधी नीट वाच गा. शिवी कुठं घातली त्यानं दाखव. आणि अतिरेक्याला धरलं तर त्याच्यावरचा खटला सरकार अडवून धरतं का? नाही धरत, परवानगी देऊन टाकतं, खटला चालतो आणि फाशीपर्यंत जातो. दोघांनाही एकच नियम लाव असं पण म्हणत नाही मी, सैनिकाला थोडं जास्तीचं संरक्षण असू दे की, पण संरक्षण म्हणजे कोर्टाचं दारच बंद?

माझा भाऊ बीएसएफमध्ये होता म्हणून सांगते, घरच्यांनासुद्धा कळायला पाहिजे असतं की आपला माणूस ज्या ऑपरेशनला गेला तिथं काय झालं. लपवालपवीनं चांगल्या माणसाचं पण नाव खराब होतं.

सुभेदार_कडोली

नमस्कार. नोकरीतली बरीच वर्षं मी ईशान्येकडे काढली आहेत म्हणून चार गोष्टी लिहितो, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

आमच्या खिशात एक कार्ड असायचं, काय करायचं आणि काय नाही करायचं त्याचं. धरलेल्या माणसाला लवकरात लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायचं, गोळी कमीत कमी चालवायची, बाईची झडती महिला पोलिसाशिवाय घ्यायची नाही असलं सगळं. सुप्रीम कोर्टानं १९९७ ला आफ्स्पा कायम ठेवला तेव्हाच सांगितलेलं की हे नियम पाळणं बंधनकारक आहे. ते कार्ड पाठ करून घ्यायचे आमच्याकडनं. तेव्हा नियमच नाहीत हे खोटं आहे आणि नियम आहेत म्हणून सगळं बरोबर चालतं हे पण खोटं आहे.

ॲम्बुश, म्हणजे दबा धरून हल्ला, कसा लागतो ते सांगतो. खबर येते, अमुक रस्त्यानं अमुक गाडी येणार. ती खबर आणणारा ॲम्बुशमध्ये नसतो. ती खरी मानणारा साहेब पण बऱ्याचदा तिथं नसतो. झाडीत पडलेल्या पोराला एवढंच माहिती, गाडी आली की फायर. त्या पोराला आत घालाल, घाला, पण खबर कुणी तपासली, ओळख पटवल्याशिवाय फायरची परवानगी कुणी दिली, मयतं ताडपत्रीखाली कुणाच्या सांगण्यावरून टाकली? ताडपत्री घालणं ही चूक नाही, ते ठरवून केलेलं काम आहे. ओटिंगमध्ये मला सगळ्यात वाईट तेच वाटलं.

परवानगीच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. ती पूर्ण काढून टाकली तर वीस वर्षांपूर्वी जिथं ड्युटी केली तिथल्या तालुका कोर्टाचे समन्स माझ्या घरी येत राहणार, वकील कोण देणार, पेन्शनीत भागवायचं का? म्हणून चाळणी पाहिजे. पण चाळणीतनं कधीतरी काहीतरी खाली पडायला पाहिजे, काहीच पडत नसेल तर ते पत्र्याचं झाकण झालं.

कोर्टकचेरी (बेळगाव)

सुभेदारसाहेब, तुमची चाळणी बघूया. जानेवारी २०१८ मध्ये संरक्षण खात्यानं राज्यसभेत आकडा दिलेला. जम्मू-काश्मीरमधनं ५० प्रकरणं परवानगीसाठी गेली, ४७ नाकारली, ३ प्रलंबित. दिलेली शून्य. म्हणजे तुमचं पत्र्याचं झाकणच.

थोडं कायद्याचं सांगतो, कारण इथं दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक आहे फौजदारी खटला, माणसाला शिक्षा. दुसरं सरकारनं द्यायची भरपाई. दुसरीला कलम ६ आडवं येत नाही. नीलाबती बेहेरा केस १९९३ ची, ओरिसातली, पोलीस कोठडीत पोरगा मेला, आईनं पत्र लिहिलं, सुप्रीम कोर्टानं भरपाई दिली आणि सांगितलं की मूलभूत हक्क मोडला तर सरकारला सार्वभौम असल्याचं कारण पुढं करून सुटता येणार नाही. तेव्हापासून पैसे मिळतात. आणि सरकारला पैसे देणं सोपं जातं, ते तुमच्या आमच्या टॅक्सचे असतात, कुणाच्या खिशातनं जात नाहीत. ओटिंगच्या गावानं म्हणूनच पैसे घ्यायला नकार दिला, आधी न्याय म्हणाले.

आता मणिपूर. १५२८ कथित बनावट चकमकींची यादी घेऊन तिथल्या विधवा सुप्रीम कोर्टात गेल्या. कोर्टानं २०१३ ला नमुना म्हणून सहा प्रकरणं तपासायला समिती नेमली. अध्यक्ष कोण, आपल्या कर्नाटकाचे माजी लोकायुक्त संतोष हेगडे. सदस्य लिंगडोह, निवडणूक आयोगवाले, आणि तिसरे कर्नाटकाचेच माजी डीजीपी अजयकुमार सिंग. म्हणजे तिघांतले दोघं आपल्या राज्यातले. सहाच्या सहा प्रकरणं बनावट निघाली, सात माणसं मेलेली. त्यात एक सातवीतला बारा वर्षांचा पोरगा, घरच्यांच्या देखत ओढून नेलेला. हे सांगणारा कुठला परदेशी एनजीओ नव्हता वाघसाहेब, सुप्रीम कोर्टाचा निवृत्त न्यायाधीश आणि आयपीएस होते.

२०१६ च्या निकालात कोर्टानं साफ सांगितलं की अशांत टापू आहे म्हणून जास्तीची ताकद वापरायची मुभा नाही आणि फौजदारी कोर्टातनं पूर्ण सूट असं काही नसतं. २०१७ ला सीबीआयची एसआयटी लागली. कागदावर आपल्याकडं सगळं आहे. घोडं अडतं ते सहीला.

निपाणीचा_पाव्हणा

वराळेसाहेबांचा उल्लेख वाचून आलो, आमच्या गावचे म्हणून.

पण मंडळी नागालँड मणिपूर लांब राहिलं, आपल्याच राज्यातलं उदाहरण कुणी का काढत नाही? वीरप्पन. कर्नाटक आणि तमिळनाडूच्या टास्क फोर्सनं त्या डोंगरातल्या गावकऱ्यांचं काय केलं ते मानवाधिकार आयोगाच्या सदाशिव समितीपुढं आलंय. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती ए. जे. सदाशिव आणि सीबीआयचे माजी संचालक नरसिंहन. मलेमहादेश्वर बेट्टावर चौकशीची जागा होती तिला लोक वर्कशॉप म्हणायचे. तिथं करंट देणं, उलटं टांगणं, बायकांवर अत्याचार, साक्षीला आलेल्या माणसांनी सांगितलंय. म्हादेश्वराला आपल्याकडनंपण माणसं जातात, वर देवळात घंटा आणि त्याच डोंगरावर हे.

आयोगानं २००७ ला ८९ जणांना मिळून २ कोटी ८० लाख भरपाई द्यायला लावली. बरं, आणि टास्क फोर्सला? वीरप्पन २००४ ला मेला तेव्हा तमिळनाडू सरकारनं प्रमोशन, रोख तीन तीन लाख आणि घराला प्लॉट दिले. बक्षीस आधी, भरपाई नंतर, आणि खटला कुणावर?

आता ह्याची दुसरी बाजू बघा, ती तर आपल्या हिंडलग्याला होती. १९९३ च्या पालार स्फोटात २२ माणसं मेली, पोलीस, वनखात्याचे लोक, खबरे. वाईटच झालं ते. त्यात टाडाखाली (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) चौघांना आधी जन्मठेप झाली, त्यांनी अपील केलं तर सुप्रीम कोर्टानं २००४ ला वाढवून फाशी केली. राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज नऊ वर्षं पडून राहिला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत फेटाळला. चौघंही हिंडलगा जेलमध्ये. बेळगावात तेव्हा रोज चर्चा, आज की उद्या. शेवटी कोर्टानं थांबवलं आणि २१ जानेवारी २०१४ ला उशिराच्या कारणावरून फाशीची जन्मठेप केली. म्हणजे एकाच डोंगरातल्या एकाच लढाईतले दोन बाजूचे लोक, एका बाजूला हिंडलग्याचा फास दारात येऊन गेला आणि दुसऱ्या बाजूला प्लॉट.

कंग्राळीचा_वाघ

वीरप्पनचे लोक काय संत होते काय? पोलीस किती मेले त्यांनी मारून ते पण लिहा.

निपाणीचा_पाव्हणा

लिहिलं की वर, २२. डोळे उघडून वाच.

आणि वर्कशॉपमध्ये गेलेले वीरप्पनचे लोक होते हे कुणी ठरवलं? त्याच्या गावात राहतो, त्याच्या जातीचा आहे, रेशन जास्त घेतलं, एवढ्यावर उचललेले. निम्म्यांच्या पुढं म्हैसूरच्या टाडा कोर्टानं सोडून दिले, पण वर्षानुवर्षं जेलात काढल्यावर.

घटप्रभा

शेजारी श्रीलंकेत काय झालं ते बघितलं तर आपली परवानगी वगैरे सभ्य वाटेल. मे २००९ ला युद्ध संपलं, शेवटच्या महिन्यांत मुल्लैतीवूच्या चिंचोळ्या पट्टीत लाखो माणसं कोंडलेली, सरकारनं स्वतःच त्या पट्टीला नो फायर झोन नाव दिलेलं आणि तिथंच तोफा. तमिळ वाघांनी (एलटीटीई) पण लोकांना ढालीसारखं धरून ठेवलं, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०११ ला ४० हजारांपर्यंत सिव्हिलियन मेले असू शकतात असं म्हटलं. सरकार म्हणत राहिलं शून्य.

एक केस मात्र शेवटाला गेली होती. मिरुसुविल, डिसेंबर २०००, आपली मोडलेली घरं बघायला आलेले आठ तमिळ मारले, त्यात पाच वर्षांचं पोरगं. २०१५ ला एका स्टाफ सार्जंटला फाशीची शिक्षा, २०१९ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं कायम केली. मार्च २०२० ला सगळं जग कोरोनात घरात बसलेलं असताना राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षेनं माफी देऊन सोडला. वीस वर्षांत एक केस कशीबशी वर चढवली आणि एका सहीत खाली.

आपल्याकडं सही नाकारतात, तिकडं सही करून सोडतात.

आणि एक, सुभेदार काका राग मानू नका. आपली शांतिसेना पण तिकडं होती. ऑक्टोबर १९८७ ला जाफना हॉस्पिटलमध्ये रुग्ण, डॉक्टर, नर्सेस मिळून साठ सत्तर जण मेले, तिथले तमिळ अजून दरवर्षी आठवण काढतात. त्याबद्दल आपल्याकडं कुणाला विचारलं तर विषय बदलतात.

सुभेदार_कडोली

राग कशाला मानू. मी जाफन्याला त्यावेळी नव्हतो, पुढच्या वर्षी वावुनियाला गेलो. हॉस्पिटलबद्दल आमच्यात बोलणं व्हायचं, फार नाही. आतनं फायर आलं म्हणून घुसलो असं सांगणारे होते. वाघांनी हॉस्पिटलचा आडोसा घेतला असेलही, ते घ्यायचेच. पण युनिफॉर्ममधले डॉक्टर हात वर करून, आम्ही डॉक्टर आहोत ओरडत आले आणि त्यांना पण मारलं अशी वाचलेल्यांची साक्ष आहे, त्याला आडोसा हे उत्तर होत नाही. तपास व्हायला पाहिजे होता.

मात्र एक सांगतो. आमचे ११०० च्या वर जवान गेले तिकडं. मार्च १९९० ला परत आलो तर मद्रासला उतरताना स्वागताला मुख्यमंत्री आले नाहीत, तमिळ लोकांना मारून आलेत म्हणून. कराराचं राजकारण दिल्लीनं केलं, नकाशे धड नव्हते, ज्यांना आधी आम्हीच ट्रेनिंग दिलं त्यांच्याशी लढायला पाठवलं. त्याचा जाब कुणाला विचारला कुणी? जाफन्याच्या डॉक्टरांचा पण नाही आणि आमचा पण नाही. तुम्ही जबाबदारी सरकारची म्हणालात ना, मग ती शिपायापाशी येऊन का थांबते प्रत्येक वेळी.

शहापूरची_अक्का

काका, हे लिहायला जिगर लागते. _/\_

आमच्या अपार्टमेंटचा वॉचमन नेपाळमधल्या बर्दियाचा, थारू जमातीचा. तिकडं माओवादी युद्धात त्यांच्या जिल्ह्यातली दोनशेवर माणसं बेपत्ता झाली ती परत आलीच नाहीत, बहुतेक सरकारी सैन्यानं उचललेली आणि जास्त करून थारूच. त्याचा काका त्यातला. १९९६ ते २००६ ते युद्ध झालं आणि आयोग कधी आला तर २०१५ ला. त्याच्या काकूनं अजून कुंकू पुसलं नाही, कारण पुसायचं तर मेला म्हणून कुणी तरी कागद द्यायला पाहिजे. जमिनीचं नाव पण बदलत नाही त्या कागदाविना. तो सांगत होता, सैन्य आणि माओवादी दोघं मिळून सरकारात बसले, आता कोण कुणाची चौकशी करणार.

काळीमाती (खानापूर)

अक्का, हे थेट मुद्द्याला लागतं. भांडण मिटवताना दोन्ही बाजू एकमेकांना माफ करून टाकतात आणि ज्यांचं गेलं त्यांना विचारत पण नाहीत.

म्हणून मला कोलंबिया वाचण्यासारखं वाटतं. तिथं सैन्यावर दबाव होता की गनिमी किती मारले त्याचा आकडा दाखवा, आकड्यावर सुट्टी, बढती, बक्षीस. मग सैनिकांनी काय केलं, गरीब वस्तीतली बेकार पोरं नोकरी देतो म्हणून लांब नेली, मारली, गनिमांचे कपडे चढवले आणि आकडा दाखवला. घाईत बूट उलटसुलट पायात घातलेले सापडले, डाव्याचा उजव्यात, त्यावरनं बिंग फुटायला लागलं. सोआचा गावच्या आया २००८ पासून मागं लागल्या. शांतता करारातनं निघालेल्या विशेष न्यायालयानं २००२ ते २००८ मधला आकडा ६४०२ काढला. तिथल्या कोर्टाचं गणित असं, सगळं खरं सांगा, कुणाच्या हुकमावरनं केलं ते नावासकट सांगा, मयतं कुठं पुरली दाखवा, तर जेल नाही, आठ वर्षांपर्यंत बंधनात राहून नुकसान भरून काढायची कामं करायची. खोटं बोललात आणि नंतर सिद्ध झालं तर वीस वर्षांपर्यंत जेल. सप्टेंबर २०२५ ला पहिल्या शिक्षा लागल्या, एका प्रकरणात गनिमांचे वरचे नेते आणि दुसऱ्यात १२ माजी लष्करी. त्यात सुभेदार काका म्हणतात ते होतं, शिपाई वरच्याचं नाव घेतो कारण नाव घेतलं तर त्याचा फायदा असतो. आपल्याकडं नाव घेऊन शिपायाला काय मिळणार, बरबादी.

सोआचाच्या सगळ्याच आयांना ते पटलेलं नाही हे पण खरं. पोरगं मारलं आणि शिक्षा काय तर झाडं लावायची, असं त्या म्हणतात. मला त्यावर उत्तर नाही सुचत.

हलगीवाला

एवढं जगभर फिरून आलात, आणि आपलं? १ जून १९८६ विसरलात? कन्नडसक्तीच्या आंदोलनात गोळीबार झाला, नऊ हुतात्मे, हिंडलग्याला स्मारक आहे, दरवर्षी जातो आम्ही. २०१४ ला येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढताना घरात घुसून म्हाताऱ्या बायकांना पण काठ्या मारलेल्या सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. केसेस कुणावर? गावकऱ्यांवर. तारखा कोण करत बसलं? गावकरी.

कंग्राळीचा_वाघ

+१०००. ह्यावर काढा की धागा.

कोर्टकचेरी (बेळगाव)

हलगीवाले, तुमच्या भावनेशी भांडण नाही, १ जूनला मी पण असतो तिथं. पण आंदोलनावरचा गोळीबार आणि वर्षानुवर्षं आफ्स्पाखाली असलेला जिल्हा एकाच मापात नको घालूया. फौजदारी संहितेत जमाव पांगवायला वेगळे नियम आहेत, दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा अधिकारी हुकूम देतो, आणि पोलिसांवर आफ्स्पा नसताना पण सरकारची परवानगी लागतेच कर्तव्यात केलं असं म्हटलं की. ते पूर्वीचं कलम १९७, आता नवीन संहितेत २१८.

एक गोष्ट मात्र बघा. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या घरच्यांना पेन्शन कोण देतं? महाराष्ट्र सरकार. गोळी एका सरकारची आणि पेन्शन दुसऱ्याचं. मदत म्हणून चांगलं आहे, त्या घरांना आधार आहे. पण गोळी चालवायचा हुकूम बरोबर होता की चूक, हे त्या पेन्शनीतनं कधीच ठरत नाही. आणि वाघसाहेब, येळ्ळूरला घरात घुसून मारलं तर अन्याय, आणि ओटिंगला मारलं तर जवानांचं मनोबल, असं कसं?

कंग्राळीचा_वाघ

ते वेगळं हो.

बरं असू दे. पण आर्मी शिक्षा करतच नाही हे पण खोटं आहे. काश्मीरमधल्या माछिलचं काय? कोर्ट मार्शल करून पाच जणांना जन्मठेप दिली की २०१४ ला, ऑफिसर धरून. सिव्हिल कोर्टापेक्षा फास्ट. मग परवानगी नाही दिली तरी आर्मी करेल की स्वतः.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. जातीवरनं आणि भाषेवरनं कुणी बोलायचं नाही. धागा चांगला चाललाय, चालू ठेवा.

कोर्टकचेरी (बेळगाव)

माछिल चांगलं उदाहरण काढलंत. २०१० ला तीन पोरांना मजुरीचं काम देतो म्हणून नियंत्रण रेषेवर नेऊन मारलं आणि परदेशी अतिरेकी म्हणून दाखवलं, कोलंबियात झालं तसंच. आर्मीनं स्वतः शिक्षा दिली हे खरं. पुढचं पण खरं, २०१७ ला सशस्त्र दल न्यायाधिकरणानं ती जन्मठेप स्थगित करून जामीन दिला.

आणि काश्मीरमधलंच पथरीबल बघा. मार्च २०००, पाच जण मारले, चट्टीसिंगपुऱ्याच्या शीख हत्याकांडाचे परदेशी अतिरेकी म्हणून. गावकऱ्यांनी दंगा केला, मयतं उकरली, डीएनएसाठी नातेवाइकांचं रक्त घेतलं. हैदराबादच्या लॅबनं तपासलं तर आई, बहीण म्हणून पाठवलेल्या नमुन्यात पुरुषाचं रक्त. कुणीतरी बाटल्याच बदललेल्या. परत नमुने घेतले तेव्हा कळलं की ते तिथलेच साधे गावकरी. सीबीआयनं २००६ ला पाच लष्करी अधिकाऱ्यांवर चार्जशीट टाकली. सुप्रीम कोर्टानं २०१२ ला आर्मीला विचारलं, फौजदारी कोर्टात चालवायचं की तुम्ही चालवणार? लष्कराच्या कायद्यात ही निवड आधी त्यांचीच असते. त्यांनी आम्ही चालवतो म्हणून घेतलं आणि जानेवारी २०१४ ला पुरावा नाही म्हणून बंद केलं. सीबीआयला जो पुरावा खून म्हणायला पुरला तो आर्मीला कोर्ट मार्शल भरवायला पण पुरला नाही.

सुभेदार_कडोली

पथरीबलचं माहिती आहे. बाटल्या बदलल्या त्या सिव्हिल हॉस्पिटल आणि पोलिसांच्या हातातनं गेलेल्या, सगळं आर्मीवर टाकू नका. पण बाकी बरोबर आहे.

वकीलसाहेब, तुमच्याकडं उपाय काय ते सांगा आता, रोग सगळ्यांना कळला.

कोर्टकचेरी (बेळगाव)

माझ्या मते परवानगी राहू दे, तुमचा मुद्दा पटतो, पण तीन गोष्टी पाहिजेत. नाही म्हटलं तर कारण लेखी आणि कोर्टाला तपासता येईल असं. मुदत ठरलेली. नव्या संहितेत कलम २१८ मध्ये सरकारी नोकराच्या परवानगीला १२० दिवसांची मुदत घातलीय, तेवढ्यात नाही ठरवलं तर मिळाली असं धरायचं. आफ्स्पाच्या कलम ६ मध्ये असली काहीच मुदत नाही. आणि तिसरं, चार्जशीटमध्ये हुकूम देणारा आणि खबर पास करणारा यायलाच पाहिजे, नाहीतर तुमच्या झाडीतल्या पोरावर संपतं सगळं. मानवाधिकार आयोगाला पण सैन्याच्या बाबतीत मानवाधिकार कायद्याच्या कलम १९ नं हात बांधलेत, केंद्राकडनं अहवाल मागायचा आणि शिफारस करायची एवढंच, स्वतः चौकशी नाही. ते बदलायला पाहिजे.

काळीमाती (खानापूर)

आणि ओटिंगचं पुढं काय मग? आर्मीला वाटलं तर करावं म्हणालं कोर्ट. केलं तर होईल ना अजून?

कोर्टकचेरी (बेळगाव)

तिथंच मेख आहे. लष्कराच्या कायद्यात कलम १२२ आहे, कोर्ट मार्शल तीन वर्षांच्या आत सुरू व्हायला पाहिजे. गुन्हा झाल्यापासून, किंवा गुन्हा आणि कुणी केला ते कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्याला कळल्यापासून, त्यावर वकील लोक भांडू शकतात. बंडाला आणि पळून जाण्याला ती मुदत नाही, सिव्हिलियन मारल्याला आहे. घटना ४ डिसेंबर २०२१ ची, निकाल १७ सप्टेंबर २०२४ चा. घटनेपासून मोजलं तर आर्मीच्या हातात त्या दिवशी अडीच महिने उरलेले. मधली दोन वर्षं सुप्रीम कोर्टाचाच स्टे होता, ती वजा होतात असं सरकारी वकील सांगू शकतो, सांगायची इच्छा असली तर.

दुसरी बाजू, नागालँड सरकारनं परवानगी नाकारण्यालाच आव्हान देणारी वेगळी याचिका टाकलेली आहे. एका राज्य सरकारनं केंद्राला कोर्टात विचारलंय की नाही का म्हणालात ते सांगा. माझी नजर त्यावर आहे, केस बंद झाली त्यापेक्षा.

काळीमाती (खानापूर)

याचिका नंबर असला तर टाका की इथं, तारीख लागली की मी धागा वर काढतो.